एकादशी कोणती?

माझ्या हातून एक चूक घडली आणि तिचे ओझे सहा दिवस माझ्या सुनेने वाहिले. ती चूक अज्ञानातून घडली असती, तर मी ती केव्हाच विसरून गेले असते. पण ती माझ्या विद्येच्या अभिमानातून घडली होती. म्हणून वयाच्या या टप्प्यावर, संकोच बाजूला ठेवून, ती लिहून ठेवावी असे वाटले.

गंगाखेडच्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. माहेरी पाठशाळा होती, त्यामुळे पंचांग मला अक्षरओळखीबरोबरच आले. आमच्या घरी आजही वाढदिवस तिथीने होतात. पाहुण्यांचे येणे, लोणच्याची बरणी उघडणे, आजारपणे, सारे काही मला तिथीनेच आठवते. मुलगा नांदेडला बँकेत आहे, शनिवारी घरी येतो. एरवी घरात मी, माझी सून अश्विनी आणि देवघरातला बाळकृष्ण, एवढेच.

अश्विनी वालूरच्या शेतकरी घरातली. लग्नाला तीन वर्षे झाली तरी पाळणा हलला नव्हता. मी तिला कधी शब्दाने टोचले नाही, हे खरे. पण मनात आस होतीच. पौष शुद्ध एकादशीला पुत्रदा म्हणतात. त्या दिवशी मी निर्जळ उपवास केला आणि बाळकृष्णापुढे पदर पसरून म्हटले, मुलगा दे की मुलगी दे, पण या पोरीची कूस रिकामी ठेवू नकोस.

पुढे महाशिवरात्र आली. उपवासासाठी बाजारातून दोन कवठे आणली होती. त्यातले एक अश्विनीने गुळाबरोबर ओट्याशी उभ्या उभ्याच संपवले आणि दुसऱ्याकडे हात नेला. मी पाहते आहे हे लक्षात येताच ती लाजली. हळूच म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत बहुतेक. सकाळी घरीच तपासलं. दोन रेघा आल्यात." माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी दुसरे कवठही फोडून तिच्यापुढे ठेवले.

त्यानंतरचा आठवडा आमच्या घरातला सर्वांत गोड आठवडा होता. फोडणीचा वास आला की ती पदर नाकाला लावून अंगणात पळे. दुपारी भाजी निवडता निवडता तिचे डोळे मिटत. बाकी कशावर वासना नसे, पण कवठ दिसले की चेहरा उजळे. एकदा मी तिला सांगितले की डोहाळे हा शब्द संस्कृतातल्या दोहदापासून आला, आणि जुने पंडित त्याचे मूळ दौहृद असे लावीत. गर्भिणी म्हणजे दोन हृदयांची स्त्री, आणि तिची इच्छा ही दुसऱ्या हृदयाची इच्छा, म्हणून ती अव्हेरू नये. सर्वांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, हेही सांगितले, कारण शिक्षकाची सवय जात नाही. अश्विनी हसून म्हणाली, "म्हणजे एक मन फोडणीला शिव्या द्यायलंय, अन् दुसरं कवठ मागायलंय. दोघांचं भांडण माझ्या पोटात." चाळीस वर्षे शिकवलेल्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी एका हसऱ्या तोंडातून नव्याने कळला.

मग आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. अश्विनीला तारखा लक्षात ठेवायची सवय नव्हती. ती गोंधळली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "एकादशी होती ना, आई? तुळशीची पूजा तुम्हीच केली होती." आमच्या घरी तुळशीची पूजा तिच्याकडे असते. अडचण असली की ती देवघरापासून दूर राहते आणि पूजा मी करते. एकादशी हा शब्द ऐकताच माझ्या मनाने क्षणाचाही विलंब न लावता पुत्रदा एकादशी धरली. मी पिशवीतले पंचांग काढले, तिथीवरून इंग्रजी तारीख काढली आणि सांगितली. डॉक्टरबाईंनी हिशेब केला. आठ आठवडे होत आले होते.

तपासणी झाल्यावर त्या बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की वाढ आठ आठवड्यांची दिसत नाही, सहाचीही जेमतेम दिसते, आणि ठोके दिसत नाहीत. त्यांनी मला पुन्हा विचारले, तारीख नक्की ना? मी म्हणाले, "पंचांग पाहून सांगते आहे." अश्विनीने काही बोलण्यासाठी तोंड उघडले होते, एवढे मला स्पष्ट आठवते. माझे उत्तर ऐकून तिने ते मिटले. डॉक्टरबाई म्हणाल्या, तारीख बरोबर असेल तर लक्षण चांगले नाही, पण घाई करायची नाही. आठ दिवसांनी पुन्हा पाहू. तेव्हाही ठोके नसतील, तर गर्भपिशवी मोकळी करावी लागेल.

ते दिवस कसे गेले ते सांगणे कठीण आहे. अश्विनी रडली नाही. ती नुसती पोटावर हात ठेवून बसून राही, दाराशी आलेल्या एखाद्या पाहुण्याला अजून आत बोलवावे की नाही हे न कळल्यासारखी. सकाळी मळमळून उलटी झाली की मोरीतून बाहेर येऊन मला सांगे, "झाली, आई." त्या दोन शब्दांत केवढा आनंद असे! उलटी म्हणजे अजून कुणीतरी आहे, अशी तिची समजूत होती. चौथ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली नाही. मी दूध तापवत होते. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्ही फोडणी घाला ना. हिंगाची घाला." मी तेल तापवले, मोहरी-हिंग घातला. तिने कढईवर वाकून मुद्दाम वास घेतला. काही झाले नाही. तेव्हा मात्र ती खाली बसली आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून रडली. कवठाचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

आणि मी? मी जपाला बसत असे, पण तो जप नव्हता. माळ ओढता ओढता मी बाळकृष्णाशी वाद घालत असे. पुत्रदेच्याच दिवशी तुझ्यापुढे पदर पसरला होता, त्याच दिवसापासून या गर्भाचे दिवस मोजले जातात, मग देऊन परत का घेतोस? माझ्या उपवासाची पोच मिळाली, अशी सुंदर संगती मी मनात लावून ठेवली होती. ती मोडते आहे, याचे दुःख मला सुनेच्या दुःखाइतकेच होते. हे लिहिताना लाज वाटते. शरणागती हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा समजावून दिला असेल. पण त्या दिवसांत मी शरण गेले नव्हते, देवाकडून खुलासा मागत होते.

सहाव्या दिवशी सकाळी अश्विनीला थोडे रक्त दिसले. होळी दोन दिवसांवर आली होती. रिक्षातून आम्ही दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरबाई शस्त्रक्रियेत होत्या, परिचारिकेने बाकावर बसायला सांगितले. अश्विनीने माझा हात घट्ट धरला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई, आज जे काय करायचं ते करून टाकू. रोज सकाळी वाट बघायची ताकद न्हाई राहिली." तिच्या तोंडी माहेरची भाषा आली की ती फार थकली आहे असे मी समजते. मी मान हलवली. डॉक्टरबाई आल्या की हेच सांगायचे, असे मी मनाशी ठरवले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. पंचेचाळीसच्या आसपासची, हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, डोक्याला रुमाल बांधलेला. कारखान्याच्या तोडीवर आलेली होती. तिची लेक आत तपासायला गेली होती. ती बराच वेळ अश्विनीकडे पाहत होती. मग सरकून जवळ आली आणि मला विचारले, "पयलं हाय का, काकू?"

मी हो म्हटले. कितवा महिना, तिने विचारले. मला बोलायची इच्छा नव्हती, पण तिच्या विचारण्यात आगाऊपणा नव्हता. मी सांगितले की आठवा आठवडा सरला, पण वाढ तेवढी नाही, ठोके नाहीत. तारीख पक्की आहे, एकादशीची.

"कंची एकादशी?" ती म्हणाली. "चांदण्यातली का अंधारातली?"

"शुद्ध," मी म्हणाले. "म्हणजे चांदण्यातली."

तिने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती अश्विनीकडे वळली. "तुला इचारते, माय. आमाला फडावर तारीख कुठली? आमी चांद बघून दिस मोजताव. त्या दिशी सांजच्याला भाईर चांदणं व्हतं का?"

अश्विनीने डोळे मिटले. नंतर सावकाश म्हणाली, "न्हव्हतं. लाईट गेलती. मी अंगणात गेले तर काहीच दिसेना, पाय बादलीला लागला." ती माझ्याकडे वळली. "आई, तुम्ही तिळाचा डबा शोधायलता. मी दारातूनच सांगत होते, वरच्या फळीवर हाय, वरच्या फळीवर. मला शिवायचं न्हव्हतं ना."

तिळाचा डबा.

पौष वद्य एकादशीला षट्‌तिला म्हणतात. त्या दिवशी तिळाने स्नान, तिळाचे दान, तिळाचा नैवेद्य. पुत्रदेला आमच्या घरी तिळाचे काही काम नसते. अंधारात चाचपडणारी मी, आणि उंबऱ्याबाहेरून मला वाट सांगणारी माझी सून, हे सारे चित्र माझ्यापुढे उभे राहिले. पुत्रदेच्या दिवशी तर तुळशीची पूजा तिनेच केली होती, मी ओसरीवर बसून पाहत होते. मी पंधरा दिवस चुकले होते. पंचांग चुकले नव्हते. माझ्या इच्छेने पंचांगाचे पान उलटले होते. मला जी एकादशी हवी होती, ती मी डॉक्टरांना सांगितली, आणि जिला खरे माहीत होते तिला मी बोलू दिले नव्हते.

मी बोटांवर मोजले. पुन्हा मोजले. आठ नव्हे. आज सातवा आठवडा चालू होता, आणि पहिल्या तपासणीच्या दिवशी सहावाही पुरा झाला नव्हता; तेव्हा ठोके दिसणार कसे? ती बाई माझ्या बोटांकडे पाहत होती. म्हणाली, "वाट बघा काकू. उसालाबी डोळा फुटायला दिस लागत्यात. कुदळीनं उकरून बघितलं म्हून लवकर न्हाई फुटत."

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. मी सर्वांसमोर सांगितले की तारीख चुकली होती आणि ती मीच चुकवली होती. त्या रागावल्या नाहीत. आत अश्विनीने माझा हात सोडला नाही. पडद्यावर राखाडी अंधार होता, आणि त्या अंधारात तिळाएवढे काहीतरी लुकलुकत होते. डॉक्टरबाईंनी बोटाने दाखवले, हे ठोके. रक्त थोडे आहे, सुरुवातीला कधी कधी असे होते, औषध आणि विश्रांती घ्या, काळजीने लक्ष ठेवू. अश्विनी पडद्याकडे पाहत राहिली आणि पुटपुटली, "दोन झाली, आई." दोन कोणती, ते डॉक्टरबाईंना कळले नाही. मला कळले, दोन हृदये.

बाहेर आलो तेव्हा बाक रिकामा होता. त्या बाईची ओटी भरावी, निदान नाव विचारावे, म्हणून मी फाटकापर्यंत गेले. चहावाला म्हणाला, मायलेकी आत्ताच टेम्पोत बसून गेल्या. पुढच्या आठवड्यात तोडी संपल्या आणि टोळ्या आपापल्या गावी परतल्या. मी विचारपूस केली, पण जिचे नाव माहीत नाही तिला शोधणार कसे?

मुलगा म्हणतो, ती बाई भेटली नसती तरी डॉक्टरांनी यंत्रात पाहिलेच असते आणि ठोके दिसलेच असते. त्याचे म्हणणे बरोबर असेल. मी वाद घालत नाही. पण त्या बाकावर आम्ही दोघींनी आशा सोडली होती, आणि ती आमच्या हातात परत देणारा आवाज त्या बाईच्या तोंडून आला, एवढे मला माहीत आहे. मी देवाकडे खुलासा मागत होते. त्याने खुलासा दिला नाही, एक प्रश्न विचारला. आणि तो मला विचारला नाही, माझ्या सुनेला विचारला. मी चूप बसावे आणि तिने बोलावे, एवढीच त्याची इच्छा असावी.

आता पाचवा महिना लागला आहे. बाळकृष्णाकडे मी काही मागत नाही. आपल्याला हव्या त्या तिथीला त्याने यावे, हा हट्ट सोडला की मन किती हलके होते! तो अंधाऱ्या पक्षातही येतो, कदाचित त्यालाच ते अधिक आवडते. एकादशी आली की पंचांग उघडण्याआधी मी अंगणात जाते, आकाशाकडे पाहते, आणि अश्विनीला विचारते, आज कोणती गं? आणखी एक बदल घरात झाला आहे. तिळाचा डबा आता खालच्या फळीवर असतो आणि कोणत्याही दिवशी, कोणत्याही अडचणीत, त्याला तिचा हात लागलेला चालतो.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना रिक्षा बाजारातून चालली होती.  भाजीच्या ओळीपाशी अश्विनी एकदम सरळ बसली, बाहेर डोकावली आणि थोड्या लाजऱ्या आवाजात म्हणाली, "आई, अजून कवठ मिळत असंल का?"

मी रिक्षा थांबवायला सांगितली. मागणारे कोण होते, हे मला ठाऊक होते.