वीसपैकी सतरा

मूल वयाप्रमाणे वाढतंय की मागे पडलंय, हे ठरवायला सरकारने सत्यवतीबाईंना वीस ओळींचा एक तक्ता दिला होता. त्यातल्या तिसऱ्या ओळीत, मूल एकेक पाय टाकत जिना चढतं का, असं विचारलं होतं. खैरटोल्यात जिना नव्हता. सगळ्या गावात मिळून चार पायऱ्या होत्या, त्या मारुतीच्या देवळाच्या. तिथे सत्यवतीबाईंनी तपासणीसाठी मुलांची रांग लावणं गावाला त्र्याऐंशी सालीही जरा जास्तच झालं असतं. सातव्या ओळीत ठोकळ्यांचा मनोरा होता. ठोकळे आले होते, पण हरवू नयेत म्हणून पेटीत होते, आणि पेटीची किल्ली करडीला मुख्यसेविकांकडे होती. तेव्हा बाई मुलांना छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे रचायला लावत आणि ठोकळ्यांच्या रकान्यात खूण करत. अंगणवाडी सुरू झाल्यापासून दीड वर्षात कुणी आक्षेप घेतला नव्हता. वाचल्याशिवाय आक्षेप घेता येत नाही.

सत्यवतीबाई मूळच्या शहापूरच्या. वडिलांनी, तेजरामांनी, छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्याच आठवड्यात घरातल्या देवांच्या कोनाड्यात पाटी-पुस्तकं ठेवली. त्या पुस्तकांच्या जोरावर बाई दहावी झाल्या, खैरटोल्यात सून म्हणून आल्या आणि गावात दुसरी दहावी झालेली बाई नसल्यामुळे सेविका झाल्या. गावाने त्यांना नेमलं नव्हतं, पण सरकारने नेमलंय तर असू दे, असं ठरवलं होतं.

बाईंचा खरा जीव तक्त्यात नव्हता. तो एका चाळीस पानी वहीत होता. मुलं अंगणात खेळत आणि बाई दाराच्या उंबऱ्यावर बसून लिहीत. ‘मारोतरावचा नातू सगळ्यांना बैल करतो, स्वतः बैल होत नाही. पुढे सरपंच होईल.’ ‘देवाजीची पोर बाहुली झोपवताना आजीच्या शिव्या देते. उच्चार स्पष्ट. भाषा वयापेक्षा पुढे.’ मुख्यसेविका सुशीलाबाईंनी एकदा ती वही चाळली आणि परत देत म्हणाल्या, “सत्यवतीबाई, निरीक्षण हवंय. निबंध नको.”

त्याच वहीत एका पानावर लिहिलं होतं, ‘चंद्रकांता टिकाराम. हाकेला न जाता जेवते. धीट.’

ही नोंद समजायला जेवणाची गोष्ट सांगायला हवी. अकरा वाजता मदतनीस सुमनबाई दलियाचं पातेलं उतरवत. त्याच सुमारास वरच्या आळीच्या तोंडाशी बायजाबाई येऊन उभ्या राहत आणि आळीतल्या सगळ्या मुलांना नावानिशी हाका मारत. त्यांचा आवाज तळ्याच्या पलीकडे ऐकू जाई. मुलं खेळ टाकून उठत आणि घरी जेवायला जात. शिजवणारी सुमनबाई, वाढणारी सत्यवतीबाई, दोघी खालच्या आळीच्या. याबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं. बोलायची गरज नव्हती. मुलं खेळायला येत आणि खायला जात, एवढंच.

एकटी चंदी जात नसे. बायजाबाईंची ही साडेतीन वर्षांची नात रांगेत मांडी घालून बसे, ताट पुढे ओढे आणि जेवे. मग आजीच तरातरा येई आणि तिला दंडाला धरून नेई. तोवर अर्धं ताट झालेलं असे.

“खादाड आहे पोट्टी,” सुमनबाई म्हणायच्या. “आजी नरडं फोडून राहिली अन् हे चाटून राहिली ताट.”

“खादाड नाही,” सत्यवतीबाई म्हणायच्या. “तिले कोणी अजून शिकवलं नाही, कोणाच्या हातचं खायचं नाही ते.”

हे म्हणताना बाईंना बरं वाटे. दीड वर्ष रोज, अकरा वाजता, अर्ध्या ताटाएवढं.

भाताच्या रोवणीचे दिवस आले. आयाबाया पहाटेच बांधीत उतरायच्या. लहान मुलं मोठ्यांचं जे बघतात तेच खेळतात, म्हणून अंगणवाडीच्या अंगणातही रोवणी सुरू झाली. मुलं ओल्या मातीत गवताच्या काड्या खोचत एका ओळीत वाकून मागे मागे सरकायची. देवाजीची पोर गाणं म्हणायची, बाकीची तिच्यामागे ओळ ओढायची. खऱ्या रोवणीत गाणारी थांबली की ओळ थांबते, बाया कंबर सरळ करतात. मुलांनी तेही उचललं होतं. देवाजीची पोर मध्येच गाणं थांबवायची, सगळी थांबायची, कमरेवर हात ठेवून म्हातारीसारखी कण्हायची.

चंदी थांबायची नाही. ती वाकलेलीच असायची, नजर मातीत. काडी खोचायची, पाऊल मागे, काडी खोचायची, पाऊल मागे, अशी थेट कुंपणापर्यंत. कुंपणाचा काटा टोचला की वर बघायची, मग बाकीच्यांकडे बघून कमरेवर हात ठेवायची. मुलं हसायची. चंदीही हसायची.

बाईंनी वहीत लिहायला घेतलं, ‘चंद्रकांता खेळात रमते.’ ‘रमते’वर पेन थांबलं.

त्या आत गेल्या आणि जर्मनची रिकामी परात घेऊन आल्या. ओळीच्या मागे उभं राहून त्यांनी ती दगडावर टाकली. सुमनबाईंच्या हातातली पळी पडली. मारोतरावचा नातू रडायला लागला. चंदीने आणखी एक काडी खोचली.

“बाई, डोक्स फिरलं का तुमचं?” सुमनबाईंनी विचारलं.

 सत्यवतीबाईंनी वहीची मागची पानं उलटली आणि ‘धीट’ हा शब्द बराच वेळ बघितला. नंतर तो खोडला, इतका, की मागच्या पानावर भोक पडलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात कानाचे डॉक्टर गुरुवारी बसत. त्यांच्याकडे जायला मुख्यसेविकेची चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठीसाठी तक्त्यात मूल मागे पडलेलं दिसायला लागे. चंदीच्या तक्त्यात वीसपैकी सतरा खुणा होत्या. चालते, पळते, एका पायावर उभी राहते, रचते, ओतते, इतरांबरोबर खेळते. बोलण्याच्या तीन ओळी तेवढ्या रिकाम्या. सोळाच्या वर मूल साधारण.

सोमवारी सुशीलाबाई आल्या. बाईंनी सगळं सांगितलं: रोवणी, परात, काडी.

“हाकेला प्रतिसाद देते, या ओळीत तुम्हीच बरोबरची खूण केली आहे,” सुशीलाबाई म्हणाल्या.

“ती चुकली, मॅडम. ती समोरचं तोंड बघून वळते.”

“थांबा, मी बघते.”

चंदी दाराकडे पाठ करून भिंतीशी खेळत होती. सुशीलाबाई दारात उभ्या राहिल्या, हात वर केले आणि टाळी वाजवली. सकाळचं ऊन त्यांच्या मागे होतं. टाळीच्या आधी त्यांची सावली भिंतीवर पोचली. चंदी वळली.

“वळली की.”

“सावली पडली, मॅडम. परत एकदा, बाजूनं...”

“सत्यवतीबाई, मूल वळेपर्यंत तपासायचं असतं. न वळेपर्यंत नाही.” सुशीलाबाईंनी पेनाचं टोपण लावलं. “लाजाळू आहे. बोलेल. आणि माझ्या पंचवीस गावांत मागे पडलेलं एकही मूल नाही. एका गावापायी वर खुलासा देत बसू का?”

महिन्याच्या अहवालात ‘मागे पडलेली बालके’ यापुढे त्यांनी ‘निरंक’ लिहिलं. अक्षर फार सुंदर होतं.

चिठ्ठी नाही, तर निदान घरच्यांनी नेलं पाहिजे. बाई वरच्या आळीत गेल्या आणि बायजाबाईंच्या अंगणाबाहेर उभ्या राहिल्या. बायजाबाई सुपात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, पाखडणं न थांबवता.

“आमचा टिकाराम चार वर्साचा होऊन बोलला,” त्या म्हणाल्या. “आता त्याले चूप बस म्हना, बसते का?”

“बोलण्याचं नाही म्हणत, आजी. ऐकण्याचं म्हणून राहिली मी.”

“समदं समजते तिले. मी नुसती उठली तं माह्या मांगं उठते. बोलाव म्हनून पोपटाचा उष्टा जांब चारून राहिलो तिले, पाच झाले, आनखी दोन चारतो.” सूप एकदा जोरात आपटलं. “तुह्या घरचं खाते पोरगी, आमी काई बोललो नाही. आता बहिरी बी तूच ठरवून राहिली. लगन होईन का तिचं?”

 सत्यवतीबाई परत आल्या. सुमनबाई म्हणाल्या, “मी तं म्हनत होती, नोका जाऊ. म्हातारीच्या तोंडाले कोन लागते? पुऱ्या गावात तिच्याएवढा आवाज कोनाचा आहे?”

 तिसऱ्या दिवशी अकराच्या जरा आधी सत्यवतीबाई आळीच्या तोंडाशी गेल्या. बायजाबाई हाका मारायला नुकत्याच येत होत्या.

“आजी, पोट्टे रोवणीचं गाणं चुकीचं म्हणून राहिले. देवाजीची पोर शिकवते त्यांना.”

“देवाजीची?” बायजाबाई थांबल्या. “थे काय शिकवते? तिच्या आजीले तरी चाल ठाऊक होती का?”

“म्हणून तुमच्याकडं आली.”

गावातली रोवणीची ओळ चाळीस वर्षं बायजाबाईंच्या गळ्यावर चालली होती. त्या अंगणवाडीच्या अंगणात पहिल्यांदाच आल्या, कुंपणाजवळ उभ्या राहिल्या, तोंडातली तंबाखू थुंकली आणि गायला लागल्या. मुलं ओळीत वाकली. चंदी कडेला होती. ओळ मागे मागे, आजीच्या दिशेने सरकू लागली.

सत्यवतीबाई उंबऱ्यावरून म्हणाल्या, “आजी, आता थांबा. मधीच.”

बायजाबाई थांबल्या. अकरा मुलं थांबली, कमरेवर हात ठेवून कण्हली. चंदी सरकत राहिली. काडी, पाऊल. काडी, पाऊल. बायजाबाईंनी आपसूक पुढची ओळ धरली, मोठ्याने, मग आणखी मोठ्याने, मग नुसतं नाव, “चंदे. चंदे वो.” तळ्यावरच्या बाया वळून बघायला लागल्या. चंदीची पाठ आजीच्या गुडघ्याला टेकली तेव्हा तिने वर बघितलं आणि हसली.

बायजाबाईंनी तिच्या हातातली काडी काढून घेतली. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचलं नाही, म्हणून धरूनच ठेवली.

“मंग मी रोज कायले वरडत होती?” त्या म्हणाल्या.

गुरुवारी दोघी चंदीला घेऊन भंडाऱ्याला गेल्या. चिठ्ठी नव्हती, म्हणून चपराशाने आत सोडलं नाही. बायजाबाई डॉक्टरांच्या दारात बसल्या आणि दर पाच मिनिटांनी, कुणाला उद्देशून नाही, पण इमारतभर ऐकू जाईल असं, आपण खैरटोल्याहून आलो असल्याचं सांगत राहिल्या. चार वाजता डॉक्टरांनी आत बोलावलं. कान बघितले, मागून घंटी वाजवली, कागदावर नागपूरचा पत्ता लिहिला. ऐकू येणं तपासायचं मशीन तिथेच होतं. तारीख तीन महिन्यांनंतरची मिळेल म्हणाले.

“इतका उशीर का केला?” त्यांनी विचारलं. “दोन वर्षांची असताना आणायला हवी होती. रोज हिला बघणारं कुणी नव्हतं का?”

बायजाबाईंनी सत्यवतीबाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं बाईंना पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं.

पुढच्या सोमवारी अकरा वाजता सुमनबाईंनी पातेलं उतरवलं. चंदी रांगेत बसली, ताट पुढे ओढलं. आळीच्या तोंडाशी बायजाबाई आल्या. त्यांनी मुलांना नावानिशी हाका मारल्या. मुलं उठून गेली. मग त्या दोन पावलं पुढे आल्या, लुगड्याचा लाल पदर हातात धरला आणि डोक्यावरून फिरवला. तीन वेळा.

चंदीने बघितलं. घास तोंडाशी होता. तिने ताट बाजूला सारलं, उठली आणि पदराकडे पळत गेली.

ताटातला दलिया जवळजवळ भरलेलाच होता.

“गेली वो तुमची,” सुमनबाई म्हणाल्या.

सत्यवतीबाईंनी तक्ता काढला. ‘हाकेला प्रतिसाद देते’ या ओळीतली जुनी खूण त्यांनी खोडायची ठरवली होती. खोडरबर सकाळपासून पदराच्या गाठीत होतं. त्यांनी आळीकडे बघितलं. आजी आणि नात वळणापर्यंत पोचल्या होत्या.

त्यांनी खूण तशीच राहू दिली, तक्ता मिटला आणि ते ताट स्वतःच्या पुढे ओढलं. दलिया गार झाला होता. त्यांनी तो सगळा संपवला.