विमलाबाईची टाकी

विमलाबाईकडे चहा मिळेल की नाही, हे तिला विचारायची गरज नसे. परसात जाऊन टाकीकडे एक नजर टाकायची. टाकी वर असली तर चहा; खाली बसलेली असली तर पाणी पिऊन गुपचूप आपल्या घरी. गावात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. वारासिवनीहून बसने अर्ध्या तासावरचं हे गाव. एके काळी तिथं चार-पाच घरी गोबर गॅस होता. बाकीच्या टाक्या गंजल्या, कोणी भंगारात घातल्या, एकीत तर आता पावसाचं पाणी साचून बेडूक नांदतात. चालू राहिली ती विमलाबाईचीच.

टाकी म्हणजे काय मोठं यंत्र नव्हे. जमिनीत विटांनी बांधलेली गोल विहीर, तीत शेण आणि पाणी कालवून ओतलेलं, आणि वर पालथं घातलेलं लोखंडाचं भलंमोठं पिंप. आत शेण कुजतं, गॅस होतो, पिंप इंच-इंच वर येतं. नळीने गॅस स्वयंपाकघरात. शेगडी पेटवली की पिंप पुन्हा खाली. बस्स, एवढंच.

तिच्या नवऱ्याने, प्रेमलालने, ती बसवली तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. टिकाराम दुकानदार तर पारावर बसून म्हणाला, "अरे प्रेमलाल, शेनाच्या हवेवर शिजवलेला भात देवाले दाखवशील का रे?"

"लाकडावरचा दाखवतो तवा देव खोकलते ना लेका," प्रेमलाल म्हणाला. "त्याच्यापरीस हे बरं."

देवाचं माहीत नाही, विमलाबाई मात्र खोकलत होती. जंगलातलं ओलं लाकूड फुंकून-फुंकून तिचे डोळे बारमाही लाल. पहिल्या दिवशी शेगडीतून निळी ज्योत निघाली, धुराचं नाव नाही, तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडली. आणि प्रेमलालने काय करावं? कुदळ आणून जुनी चूल फोडून टाकली. असा माणूस! अर्धवट कामच नाही.

त्याला बोलायची भारी हौस. जेवायला बसला की सुरू. "हे सुर्व्याचीच आग आहे, बापा. धानानं पेली, तनसीत ठेवली, बैलानं खाल्ली, अन् फिरत फिरत तुह्या शेगडीत आली. पन जो तो आपलं पोट भरूनच पुढच्याले देते. बैल गाडाभर तनस खाते. अर्धं चालण्यात घालवते, अर्धं अंगाच्या गरमीत. मंग आपल्याले टोपलंभर शेन. त्या टोपल्यातून येवढीशी ज्योत."

"मंग शेवटच्याले काय उरते?" विमलाबाई विचारायची.

"उरते ते उरते. पन रोज येते ना!"

मुलगा अश्विन भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीच्या कामावर लागला तेव्हाही हेच. कोळसा म्हणजे म्हणे पूर्वजांचं गाडलेलं धन. काढलं, जाळलं, संपलं. शेण कसं, आज उचललं तर उद्या पुन्हा हजर. अश्विन हसायचा. बापाचं तत्त्वज्ञान त्याने लहानपणापासून भाताबरोबर खाल्लं होतं.

मग प्रेमलाल गेला. ताप आला, बालाघाटला नेला, आणि तिथून परत आला तो चौघांच्या खांद्यावरच. जाण्याआधी त्याने शेतीचं सांगितलं नाही, मुलाचं सांगितलं नाही. सांगितलं काय, तर "टाकीले उपाशी ठेवू नको."

बाई, एवढ्या शब्दाला तिने गाठ मारली ती मारलीच.

शेत बटईने, अर्ध्या वाट्याने, कसायला दिलं. करणाऱ्याने ट्रॅक्टर आणला, मग बैल विकले. म्हैस आटली, तीही गेली. राहिली एक चांदी नावाची गाय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? चौघांच्या शेणावर चालणारी टाकी एकटीच्या शेणावर कशी उठावी! पिंप वीतभर उचललं जाई, सकाळचा चहा आणि एका वेळचा भात झाला की खाली. एका माणसाला तेवढं पुरत होतं. पुरतं हेच वाईट, असं तिला कधी कधी वाटे.

मग ती सकाळी गुरांच्या मागे निघू लागली, टोपलं घेऊन. आमच्याकडे वाटेवरच्या शेणाचा एक कायदा आहे: जिने पोटीत, म्हणजे शेणाच्या पोवट्यात, आधी काडी रोवली, शेण तिचं. विमलाबाईच्या काड्या पांदीच्या वाटेभर रोवलेल्या दिसायच्या. महागू गुराखी म्हणायचा, "काकी, माह्या गाईपेक्षा तूच जास्त चालून राह्यली." ती हसायची. बोलणारं कोणी भेटलं, हाच त्या चालण्याचा खरा नफा होता.

अश्विन दर मंडईला यायचा. दिवाळी झाली की आमच्या गावोगावी मंडई भरते. पाळणे, जिलेबी, रात्री दंडारीचा खेळ, आणि घरोघरी पाहुणे. एक रात्र राहायचा, आणि निघताना पिशवी खांद्याला लावून दारात उभा राहून विचारायचा, "चलतेस का आई भिलाईले?"

"कशी येऊ बापा? टाकी उपाशी राह्यते."

दरवर्षी हेच. पहिल्या वर्षी ते खरं होतं. नवऱ्याचा शब्द ताजा होता. पुढे मात्र... आता हे सांगायला हवं. आपल्याकडे पाहुणा "नको" म्हणाला की कोणी ताट उचलत नाही. दोनदा आग्रह करायचा, तिसऱ्यांदा वाढायचंच. विमलाबाई त्या आग्रहाची वाट बघत होती. अश्विनने एकदा तरी म्हणावं, "खड्ड्यात गेली टाकी, बस गाडीत." पण भिलाईला राहून पोरगा "नको" म्हणजे "नको" समजायला शिकला होता. मान हलवायचा, पाया पडायचा, आणि जायचा.

मागच्या थंडीत ती तापाने पडली. कोणाला पत्ता नाही. चांदी हंबरून हंबरून थकली तेव्हा शेजारची कमला डोकावली. उठून बसल्यावर विमलाबाईने पहिलं काम काय केलं, तर परसात जाऊन टाकी बघितली. इतके दिवस उपाशी राहिलेली टाकी, आणि शेगडी लावली तर पेटली की! तिला काहीही झालं नव्हतं.

विमलाबाई शेगडीसमोर तशीच बसून राहिली. टाकीला तिची एवढी गरज नव्हती. ती मेली असती तरी ज्योत दोन दिवस जळली असती. तिला फार एकटं वाटलं, इतकं की चहा ठेवायचंही सुचलं नाही.

त्याच दिवशी तिने ठरवलं. यंदा अश्विनने विचारलं की "हौ" म्हणायचं. आग्रहाची वाट बघायची नाही, पहिल्या विचारण्यालाच.

दिवाळीनंतर टिकारामच्या दुकानात फोन आला. अश्विन, सून नूतन आणि चार वर्षांची अबोली, तिघंही मंडईला येणार. विमलाबाईने कमलेला गाठलं.

"मी गेली तर चांदीले नेशील का? दूध तूच घे. टाकीत घमेलंभर शेनाचा काला टाकत जाय."

"खरंच जाऊन राह्यली का तू?" कमलेचा विश्वास बसेना.

"हौ. त्यानं विचारू तर दे."

"विचारते ना. दरसाल तर विचारते."

एक गाठोडंही बांधून झालं. दोन लुगडी, प्रेमलालचा फोटो. पण जाण्याआधी एक जेवण त्याच्या शेगडीवर करायचं होतं. भात, वरण, वडे, खीर, पाहुण्यांना साजेसं सगळं. त्याला गॅस हवा, आणि थंडीत टाकी मुळातच आळशी होते. म्हणून तिने गॅस साठवायला घेतला. शेगडी बंद. फुटाणे खायचे, पोहे भिजवून खायचे, कमलेने भाजी दिली तर ती. चहासुद्धा सोडला! शेण कालवायला उन्हात तापवलेलं पाणी, पिंपाभोवती उबेसाठी तणस रचलेली. पिंप वर येऊ लागलं. मंडईच्या आदल्या संध्याकाळी ते इतकं वर आलं की प्रेमलालच्या वेळेलाही क्वचित यायचं. आता त्यात मावेना. कडेने बुडबुडे येऊन गॅस हवेत जायला लागला. विमलाबाई त्याच्याजवळ बसून राहिली. "अजून एक रात्र थांब," ती टाकीला म्हणाली.

सकाळी जीप दारात थांबली. आधी अबोली उतरली, मग नूतन. अश्विनने मागून काहीतरी जड उतरवलं आणि अंगणात ठेवलं. लाल सिलिंडर. सोबत नवीकोरी दोन बर्नरची शेगडी.

"आई, आता शेनात हात घालाचं काम नाही!" त्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता.

नूतन वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. तिने पदर खोचला, ओट्यावर नवी शेगडी मांडली, प्रेमलालची शेगडी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "आई, आज तुम्ही बसा. खूप केलं तुम्ही." भात, वरण, वडे, खीर, सगळं तिने केलं. पटापट, आणि चांगलंच केलं.

विमलाबाईला राग आला. इतका, की पाटावरून उठून सिलिंडर अंगणात लोटून द्यावा. पण पोराने एवढ्या लांबून वाहून आणलेली वस्तू. तिने तोंडातला वडा गिळला आणि "मस्त झाले हो" म्हणाली.

अबोली परसातून धावत आली. "दादी, दादी, वो पानी क्यों उबल रहा है?"

"उबलत नाही बाई. भरली आहे टाकी. जास्त झालं ते चाललं."

पोरीला कळलं नाही. ती पाळण्यात बसायचं म्हणून बापाचा हात ओढत मंडईला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचं ठरलं. अश्विनची ड्यूटी होती. विमलाबाईने पहाटेच आंघोळ करून चांगलं लुगडं नेसलं. गाठोडं दाराआड ठेवलं, लगेच हाताशी येईल असं. तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणूनही पाहिलं: हौ बापा, येते.

नूतन पाया पडली. अबोली जीपमध्ये चढली. अश्विनने पिशवी खांद्याला लावली आणि दारात उभा राहिला, नेहमीच्याच जागी. विमलाबाईने श्वास धरला.

"आई," तो म्हणाला, "आता तुले काही तरास नाही. सिलिंडर संपला का टिकारामले सांग, तो वारासिवनीहून आनून देईन. मलेही आता फिकीर नाही राह्यली."

आणि तो पाया पडला.

ती थांबली. आणखी काही तरी येईल म्हणून थांबली. जीप सुरू झाली. आपणच म्हणावं, मले ने, म्हणून ओठ उघडले, पण ज्या बाईने इतकी वर्षं "नको" म्हटलं तिच्या तोंडातून न विचारता "हौ" कसं निघावं? बिचाऱ्याने तरी काय करावं? भिलाईचं भाडं, बायको, पोर, सगळ्यांचं भागवून जे उरलं ते त्याने उचलून आईला आणून दिलं होतं. उरतं ते उरतं. जीप वळणावर गेली, आणि विमलाबाईने गाठोडं पायाने आणखी आत सरकवलं.

थोड्या वेळाने कमला दावं घेऊन हजर. जीपचा आवाज तिने ऐकला होता.

"गेली नाहीस तू? मले वाटलं, चांदीले सोडून गेलीस. काहून वो? विचारलं नाही त्यानं?"

विमलाबाई परसात उकिडवी बसली होती. चांगलं लुगडं वर खोचलेलं, कोपरापर्यंत हात शेणात. मागे टाकी काठोकाठ वर आलेली, आणि कडेने बुडबुड करत गॅस चाललेला.

"विचारलं ना," ती म्हणाली. "लय मांगं लागलता. म्याच नाही म्हटलं. मी गेली तर टाकी उपाशी राह्यते ना, बाई."

कमलेने भरलेल्या टाकीकडे पाहिलं. मग दावं खाली ठेवलं आणि तिच्याबरोबर शेण कालवायला बसली.