माझं नि ताईंचं एकच माप

कपडे अंग झाकण्यासाठी असतात असं ज्यांना वाटतं, त्या सगळ्यांची माझ्या मोठ्या नणंदेला मनापासून कीव यायची. ताईंच्या मते कपडे पोट झाकण्यासाठी असतात. त्या भरात बाकीचं अंगही झाकलं जातं, तो वरचा फायदा. कुणाला देवाचं वेड असतं, कुणाला राजकारणाचं, ताईंना पोटाचं होतं. ते फार मोठं होतं असंही नाही, पण होतं ते सगळं समोर होतं. खांदे बरे, हात बेताचे, पाय तर कॉलेजातल्या मुलीसारखे, आणि मधे छातीपासून खाली एक गोल, ठाम, कुणाचंही न ऐकणारं पोट. अशा बांध्याला सफरचंद म्हणतात हे त्यांना मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओतून कळलं, तेव्हा आधी त्या चिडल्या आणि मग खूश झाल्या. "निदान फळ तरी महागातलं दिलंय," म्हणाल्या. "आमच्या सासूबाई फणस म्हणायच्या."

माझं लग्नही त्या पोटानेच जमवलं. ही मंडळी मला बघायला कल्याणला आमच्या घरी आली, तेव्हा सगळे माझं शिक्षण, नोकरी, स्वयंपाक असल्या किरकोळ गोष्टी विचारत होते. ताई मात्र एक अक्षर न बोलता मला वरून खाली न्याहाळत होत्या. मी चहा आणायला आत गेले तर माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या आणि कुडत्याची बाजू चिमटीत धरून म्हणाल्या, "कमरेला चुण्या कोणी घ्यायला सांगितल्या तुला? चुण्या आपल्याला चालत नाहीत गं." मला राग यायला हवा होता, आणि आलाही असता, पण त्या 'आपल्याला'ने तो अडवला. त्यांनी पदर जरा बाजूला करून मला आपलं पोट दाखवलं. माझंही तसंच होतं. मग बाहेर जाऊन भर बैठकीत त्यांनी भावाला सांगितलं, "हो म्हणून टाक. हिचं नि माझं एकच माप आहे." माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

लग्नानंतर कळलं की त्या वाक्यात मोठा स्वार्थ होता. ताईंचा आरशावर विश्वास नव्हता. "आरशासमोर उभं राहिलं की पोट आपोआप आत जातं," त्या म्हणायच्या. "तुझ्यावर बघितलं की खरं काय ते कळतं." त्या कळव्याला आणि आम्ही डोंबिवलीला, पण खरेदी निघाली की मला हजर राहावं लागे. ठाण्याच्या बाजारात, फडके रोडवर, कुठेही. साडी माझ्या खांद्यावर पडायची, कुडता माझ्या अंगाला लागायचा, आणि ताई चार पावलं मागे जाऊन, डोळे बारीक करून, "वळ. अजून वळ. श्वास सोड गं, फसवू नकोस," असं करत निकाल द्यायच्या. त्यांनी नेसलेली एकही साडी अशी नसेल की जी आधी माझ्या खांद्यावर पडली नाही.

त्यांचे नियम मला आज झोपेतही सांगता येतील. गळा उभा, व्हीचा. गोल गळा पोटाला बोलावून आणतो. कुडता छातीपासून सरळ खाली सुटला पाहिजे, मधे कुठे थांबता कामा नये. बाजूचा कट उंच ठेवायचा, कारण पाय हीच आपली इस्टेट, ती लोकांना दिसू द्यायची. ओढणी दोन्हीकडून लांब मोकळी. नक्षी बारीक, चकाकतं काही नको, आणि पट्टा बांधणारीला तर त्या नातलगांत धरत नसत. साडी घ्यायची ती अंगावरून पाण्यासारखी पडणारी, काठ बोटभर, परकराची नाडी पोटावर नाही तर पोटाखाली, आणि पदर खांद्यावरून असा तिरका आणायचा की पोटाला आडोसा झाला पाहिजे. कळव्यातल्या त्यांच्या टेलरला सक्त ताकीद होती, की छातीचं नि खांद्याचं माप मोठ्याने सांग, पोटाचं मनातल्या मनात घे. तो बिचारा टेप गुंडाळून नुसतीच मान हलवायचा.

एकदा घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये त्यांनी दुकानातल्या मुलीला बोलावून समोरच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं. "ही जेवते का?" ती मुलगी गोंधळली. "नाही, हिला पोटच नाहीये, म्हणून विचारलं. आमच्यासारखी एक ठेवा की. त्याच्याशिवाय आम्हाला कळणार कसं?" मग कपडे घालून बघायच्या खोल्यांबाहेर एक अनोळखी बाई चमकदार, कमरेत आवळलेला झगा घालून आरशात तोंड पाडून उभी दिसली, तर ताई सरळ तिच्याकडे गेल्या. "अहो, तुमचं काही चुकलेलं नाही, कट चुकलाय." ती आधी फणकारली. अर्ध्या तासाने ताईंनी निवडलेला गडद निळा कुडता घालून तीच बाई ताईंबरोबर फोटो काढत होती. त्या फोटोतही ताई तिच्या मागे उभ्या आहेत. ताईंचा आख्खा फोटो आमच्या घरात नाहीच. कुठे लहान मुलांच्या मागे, कुठे खुर्चीच्या पाठीमागे, एका बारशाच्या फोटोत तर त्यांनी पाळणाच पुढे ओढून घेतलाय.

हसायचो आम्ही सगळे. पण मला एक गोष्ट माहीत होती, जी बाकीच्यांना नव्हती. फडके रोडवरच्या आमच्या नेहमीच्या दुकानात शिरलं की ताई आधी एका कपाटापाशी थांबायच्या. तिथे रुंद जरीकाठाच्या, कडक, भरजरी साड्या असत. त्यातली एक हिरवीगार त्यांच्या मनात भरली होती. त्या तिच्या काठावरून हात फिरवायच्या, आणि मी काही बोलायच्या आत पुढे निघायच्या. एकदा मी म्हटलं, "घ्या की ताई." "वेडी का तू? ही सडसडीत बायांची. मी नेसले तर हंडा दिसेन." मग जरा थांबून म्हणाल्या, "पोट गेलं की घेईन." त्यांचं पुष्कळ काही असं पोट गेल्यावर व्हायचं होतं. नवऱ्याबरोबर, म्हणजे आमच्या भावोजींबरोबर, गोव्याला जायचं होतं, लेकीच्या लग्नात पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं, एक तरी आख्खा फोटो काढून घ्यायचा होता. लेकीचं लग्न पोटासाठी थांबलं नाही. त्या लग्नातही त्या बोटभर काठाची जांभळी साडी नेसून आमच्यामागे उभ्या होत्या.

गेल्या वर्षी ताई अचानक बारीक दिसायला लागल्या. चेहरा उतरला, हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. भेटेल तो म्हणायचा, "वा! काय करताय हो, आम्हालाही सांगा." ताई खूश. कुडते मात्र आणखी सैल झाले, ओढण्या आणखी लांब, आणि मला फोन यायचे, "अगं, नवीन कट शोधलाय, काही म्हणता काही दिसत नाही." खरोखरच दिसत नव्हतं. एक दिवस त्यांना धाप लागली म्हणून भावोजींनी दवाखान्यात नेलं, आणि तिथे त्यांच्या अंगावरचा तो नवीन कट उतरवून पाठीमागे नाड्या बांधायचा गाऊन घातला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पोट घागरीसारखं तटतटलेलं होतं. यकृत कधीचंच कामातून गेलं होतं आणि पोटात पाणी भरत होतं. "हे आजचं नाहीये," डॉक्टर म्हणाले. "इतके महिने घरात कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?" उत्तर दिलं ते ताईंनी. "कसं येणार डॉक्टर? मी जन्मभर दुसरं केलंय काय?" हे सांगताना क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. मग तो गेला आणि त्यांनी माझा हात धरला. मला त्या हुशारीचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन रडले.

त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. सुया घालून पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचे. ताई शेवटपर्यंत त्या गाऊनवर नाराज होत्या. "हा कट कोणी काढला त्याला माझ्यासमोर आणा," म्हणायच्या. एका सकाळी भावोजींचा फोन आला. ते फक्त म्हणाले, "तुम्ही दोघं या." आणि मग, अडखळत, "येताना ते... तुमच्याकडचं लागेल."

आमच्यात सवाष्ण गेली की शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं. भावाच्या घरून साडी येते, ती नेसवतात, तोवर उचलत नाहीत. ताईंचं माहेर म्हणजे आता मी आणि माझा नवरा. आयुष्यभर त्यांनी माझे कपडे निवडले होते, आणि त्यांचा एक कपडा निवडायची वेळ माझ्यावर आली ती अशी.

फडके रोडवर आमचं दुकान नुकतंच उघडत होतं. नवरा गाडीतच बसून राहिला, त्याला उतरवेना. मी हिरव्या साड्या दाखवा म्हटलं. विक्रेता नवीन होता, त्याने ढीग मांडला, आणि माझा हात सवयीने पाण्यासारख्या पडणाऱ्या, बोटभर काठाच्या साडीवर गेला. ताई मागे उभ्या आहेत आणि डोळे बारीक करताहेत असंच वाटत होतं. मग मला वाटलं, पुरे झालं आता हे लपवणं. आणि मी त्या कपाटाकडे बोट दाखवलं.

ती अजून तिथेच होती. विक्रेत्याने घडी मोडली, माझ्या खांद्यावर टाकली आणि मला आरशासमोर उभं केलं. "बघा मॅडम, काय खुलतेय तुमच्यावर! फंक्शन आहे का घरात?"

"माझ्यासाठी नाही. नणंदेला."

"त्यांनाही बसेल की. ब्लाउजपीस आत आहे. फॉल-पिको करून ठेवतो, परवा न्या."

"फॉल नको. आजच हवीये," मी म्हटलं. "माहेरचं वस्त्र आहे."

त्याने माझ्या खांद्यावरची साडी झटकन काढून घेतली. त्याचं काही चुकलं नाही. ते वस्त्र दुसऱ्या कुणाच्या अंगाला लावायचं नसतं. त्याला कुठे माहीत होतं, की आमच्यात ते आधी माझ्याच खांद्यावर पडायचं.

शीळफाट्याला गाडी अडकली ती अडकलीच. कळव्याहून ताईंच्या लेकीचे फोनवर फोन येत होते, "मामी, कुठपर्यंत आलात? सगळे थांबलेत." मी साडीची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते. फोन ठेवला की नवरा एकच विचारायचा, "तिला आवडेल ना गं?"

आम्ही पोहोचलो. बायकांनी ताईंना आंघोळ घालून ठेवली होती. मी साडी उलगडली तेव्हा ताईंची लेक बघतच राहिली, आईच्या अंगावर एवढा रुंद काठ तिने कधी पाहिलाच नव्हता. आम्ही नेसवायला लागलो. कडक रेशीम कुठेच फुगलं नाही. शेवटचं पाणी काढलं, तेव्हाच पोट गेलं होतं. ताई सडसडीत दिसत होत्या. निऱ्या झाल्या, पदर आला, आणि माझ्या हातांनी तो न विचारता तिरका ओढून पोटावर घेतला, नीट, आडोसा होईल असा.

"मामी, राहू दे गं," लेक म्हणाली. "पोट आहे कुठे आता?"

मला कळत होतं. तरी मी पदर तसाच राहू दिला. लोक बघायला यायचे होते.

आता कपडे घ्यायला मी एकटीच जाते. नियम सगळे पाळते, चुण्या नाहीत, पट्टा नाही, चकाकतं काही नाही. खांद्यावर साडी टाकून आरशासमोर उभी राहिले की पोट आपोआप आत जातं. मग मी मागे वळून बघते. "श्वास सोड गं, फसवू नकोस," असं म्हणणारं तिथे कुणी नसतं.