कवळी भाजीचा अंक

धसईहून मुरबाडची एसटी सुटायच्या आधी बाबांनी माझी बॅग वरच्या फळीवर ठेवली, मग उगाच पुन्हा काढून माझ्या मांडीवर दिली. "पोचलास की कळव," एवढंच म्हणाले. आई खाली उभी होती. खिडकीच्या गजावरचा हात तिने गाडी हलल्यावरच काढला. मला तेव्हा रडू आलं नाही, निघायचीच घाई होती. आता बंगळुरूत येतं.

इथे नोकरीत जीव रमेना म्हणून आपल्याकडच्या भातावर, नाचणीवर, रानभाज्यांवर दर शुक्रवारी एक ईमेल, म्हणजे छोटा अंकच, पाठवायला लागलो. वाचणारे कोण, तर दोन मावसभाऊ आणि खर्डीचा एक मित्र. तुम्हा गावकऱ्यांतल्याच कुणीतरी ती पुढे धाडली, मग कल्याण-ठाण्याचे आले, मग दुबईचे. लोक वर्गणी भरायला लागले तशी नोकरी सोडली. आता तो धंदाच झालाय. विषयाची ओळ दोन-तीन प्रकारे लिहायची, कितीजणांनी मेल उघडली ते बघायचं, रुसलेल्या सबस्क्रायबरना गोड बोलून परत आणायचं. चिखल तुडवावा लागत नाही, पण संध्याकाळी अंग तितकंच मोडतं. आणि मजकूर सगळा फोनवरून, आईकडून. ती सांगते, मी टाइप करतो.

सगळ्यात जास्त चालतो तो कवळी भाजीचा अंक. पावसाळ्याच्या तोंडावर माळावर उगवणारी ती कांद्याच्या पातीसारखी भाजी! त्याच सुमारास बहुतेकांचं रिन्यूअल येतं आणि तो अंक वाचून लोक वर्गणी पुन्हा भरतात. माझं वर्ष त्यावर उभं असतं. पण गावदेवाला दाखवल्याशिवाय आपल्या गावात ती कुणी खात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

यंदा नेमकी गावात मयत झाली. सुतक लागलं, देवाचं लांबलं. इकडे कल्याणच्या बाजारात जुड्या आल्या, वाचक फोटो पाठवून विचारायला लागले, अंक कुठाय? ड्राफ्ट तयार होता, बटण दाबायचं बाकी होतं. आईला फोन केला.

"अजून देवाला दावली नाय रे," ती म्हणाली. "आमीच खाल्ली नाय, तं तू लोकांना कशी वाढणार?"

"आई, ती नुसती मेल आहे गो."

"आसंल. पन भाजी आपलीच ना?"

चिडलो. तिला काय जातंय सांगायला, असंही मनात आलं. त्या शुक्रवारी काहीच पाठवलं नाही, पुढच्याही नाही. वर्गणीदार गळत गेले, रोज सकाळी स्क्रीनवर घटलेला आकडा दिसत होता. वैतागून लॅपटॉप मिटायचो, पुन्हा उघडायचो. पण बटणावर बोट जाईना.

शेवटी तिचाच फोन आला. आवाजात हसू होतं. "झालं रे देवाचं. आज भाजी केली. आता तू पन खा."

"हो," म्हणालो आणि अंक पाठवून दिला. गेलेले बरेचसे परत आले नाहीत.

इथे कवळी कुठून मिळणार? गाव सोडल्यापासून मी ती चाखलेली नाही, नुसती तिची चव लोकांना लिहून कळवतो. तुम्ही गावातले आणि तुम्ही माझ्यासारखे बाहेर पडलेले, घर म्हणजे काय ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यापुरतं ते एवढंच उरलंय: जी भाजी माझ्या पानात येणारच नाही, तिच्यासाठीसुद्धा आई 'खा' म्हणेपर्यंत थांबायचं.