बंदकाका आणि भवानीचं नाव

खेळ ऐन रंगात आला की पाठीमागून एक हात यायचा आणि मेन स्विच खाली पडायचा. स्क्रीन काळी. मग शांत आवाजात एकच शब्द, ‘बंद.’ नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जो कुणी खेळला असेल, तो हा शब्द विसरला नसेल. मालकांना आम्ही त्यावरूनच बंदकाका म्हणायचो. तोंडावरसुद्धा.

हे सगळ्या खेळांत व्हायचं नाही. एका बंदुकीच्या खेळात तिसऱ्या टप्प्यावर दगडी देऊळ यायचं. आत डोळे मिटून बसलेली एक मूर्ती. गोळ्यांनी तिचं डोकं उडवलं की मागचं दार उघडायचं. तिथवर पोचायला आम्हाला आठवडे लागायचे, आणि मूर्ती दिसली रे दिसली की काका स्विच पाडायचे. टोकन परत हातात ठेवायचे. त्या खेळाचा चौथा टप्पा आमच्यापैकी कुणी कधी पाहिला नाही.

एकदा चिडून मी विचारलं, हा तुमचा बुद्ध आहे का? काका बौद्ध होते. पेठेत ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि गरजेपेक्षा जास्त वेळा बोललं जायचं. ते म्हणाले, “कोण हाय ते मला ठावं न्हाय. डोळं मिटून बसलेल्या माणसाला गोळी घालायची न्हाय.” मग असला खेळ आणलात कशाला, म्हटल्यावर म्हणाले, मशीनं मुंबईहून जुनी येतात, आत काय आहे ते लावल्यावर कळतं. बाहेर पडल्यावर कुणीतरी म्हणालं, यांचा देव फार नाजूक. सगळे हसले. कुणीतरी कशाला, मीच म्हणालो.

काका गोड माणूस नव्हते. आधी टीव्ही दुरुस्त करायचे, त्यामुळे बोटांवर सोल्डरिंगचे डाग आणि अंगाला तोच जळका वास. मशीनचा दांडका कुणी जोरात ओढला की म्हणायचे, “म्हशीचं शेपूट हाय व्हय ते?” मी तेव्हा बी.कॉम.ला दोनदा नापास होऊन घरी बसलो होतो, म्हणजे खरं तर त्यांच्याकडे बसलो होतो. त्यांनी माझं नावच ‘बीकॉम’ पाडलं. “बीकॉम, हितं तरी पास हो की.” स्वतः कधी हसायचे नाहीत. राग यायचा. तरी दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शटर वर जाताना मी हजर.

दुकानात एकही तसबीर नव्हती. कुठल्याच देवाची नाही, बुद्धाचीसुद्धा नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, दिवसभर तुमच्या तोंडातून काय काय पडतं, त्यात कुणाला भिंतीवर टांगून ठेवायचं? फोटो घरी आहे, तिथं कुणी शिव्या देत नाही. मला तेव्हा हे विक्षिप्त वाटलं. पुढं हीच मोकळी भिंत त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली गेली.

आता नावाचं. कोपऱ्यातलं दुसरं मशीन मारामारीचं होतं. त्यात एक चार हातांची बाई यायची. निळसर अंग, मोकळे केस, चारही हातांनी बदडायची. तिचं खरं नाव स्क्रीनवर इंग्रजीत यायचं, पण ते कुणाला वाचताच येत नव्हतं. पहिल्यांदा तिच्याकडून मार खाल्ला तेव्हा मी म्हणालो, “काय भवानी हाय राव ही!” आमची आई शेजारच्या भांडकुदळ बाईला भवानी म्हणायची. ‘आली भवानी’ म्हणत दार लावून घ्यायची. त्याच अर्थानं ते तोंडातून गेलं. देवी माझ्या डोक्यात दूरवरही नव्हती. पण नाव चिकटलं. दोन आठवड्यांत सगळी पोरं एकमेकांना विचारायला लागली, भवानीला पाडलीस का?

काकांना ते आवडलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बीकॉम, नाव बदल तिचं. रस्त्यात आन् आपल्यात निस्ता पडदा हाय.” मी म्हणालो, तुम्हाला काय करायचंय काका, तुमच्यात कुठं असते भवानी?

“माझ्यात नसंल,” ते म्हणाले, “बाहेरनं जाणाऱ्या बायकांच्यात हाय की.”

मी नाव बदललं नाही. उलट मुद्दाम मोठ्यानं घ्यायला लागलो. त्यांना डिवचायला.

नवरात्र आलं. दुपारची वेळ. अनवाणी बायका ओटीची ताटं घेऊन देवळाकडे निघाल्या होत्या, आणि पडद्याच्या आतून आवाज गेला, ‘घाल, भवानीच्या पोटात लाथ घाल!’ आवाज माझा होता. अर्ध्या तासात तालमीतले दहाबारा जण आत शिरले. पुढं तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मशीनवर ती बाई चार हात पसरून उभीच होती. आलेल्यांपैकी दोघांनी महिन्यापूर्वी याच भवानीला पाडून पेढे वाटले होते. ते मागं उभे राहिले.

अध्यक्षांनी भिंती पाहिल्या. “एका देवाचा फोटो न्हाय दुकानात,” ते म्हणाले. “तुमास्नी देव न्हाईत म्हणून आमच्या देवीला लाथा घालतासा व्हय?” काका म्हणाले, ती देवी नाही, परदेशातल्या खेळातली राक्षसीण आहे, नाव इथलं पडलंय. मग प्रश्न आला, नाव ठेवलं कुणी?

काकांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. सांगितलं नाही.

इथून पुढचं मी आजवर असं सांगत आलो की मी घाबरून गप्प बसलो. बायकोलाही तेच सांगितलंय. ते खरं नाही. अध्यक्षांनी मला विचारलं, “तू रोज पडून असतोस की हितं. कुणी ठेवलं नाव?” आणि मी म्हणालो, “काकाच म्हणत्यात.”

दोन शब्द. मी त्यांच्यातला होतो, माझे चुलते त्याच तालमीच्या मातीत कुस्ती शिकलेले. खरं सांगितलं असतं तर मला दोन कानफटात बसल्या असत्या, चुलत्यांनी वर आणखी दोन दिल्या असत्या आणि दुकान वाचलं असतं. हे मला त्या क्षणीही कळत होतं.

कुणीतरी बाहेरून लोखंडी पहार आणली. ती उचललेली पाहून काका मध्ये आले. सगळ्यांना वाटलं हात जोडणार. ते म्हणाले, “थांबा. करंट हाय.” भिंतीपाशी गेले, मेन स्विच खाली पाडला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “बंद. आता फोडा.”

चारही मशीनं फोडली. मूर्तीवालंसुद्धा.

दुकान पुन्हा उघडलं नाही. पेठेत वर्षभर सांगत होते की त्या माणसानं देवीची विटंबना केली. माझ्यासमोरही सांगायचे, आणि मी मान हलवायचो. पुढं बी.कॉम. झालो, काजूच्या व्यापाऱ्याकडे नोकरीला लागलो, तालमीच्या मंडळाचा सात वर्षं सेक्रेटरीही होतो. नवरात्रात आरतीला पुढं मीच असायचो.

नोकरीमुळं चंदगडला जाणं व्हायचं. दहाबारा वर्षांनी एकदा एसटी स्टँडमागं मिक्सर दुरुस्तीचं खोपटं दिसलं. आत काका. केस पांढरे, वास तोच. वर न बघता म्हणाले, “या पावणं, काय आणलंय?”

मी म्हणालो, “काका, मी बीकॉम.”

त्यांनी पाहिलं. एकदाच, त्या दिवशीसारखं. मग खाली मान घालून तार जोडत राहिले. मी उभ्याउभ्या सांगून टाकलं की ते नाव मी ठेवलं होतं, आणि खोटंही मीच बोललो. सांगताना मला वाटत होतं, आता ते बस म्हणतील, चहा मागवतील.

“मला कशाला सांगालायस?” ते म्हणाले. “मी हुतो की तितं. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांग.”

माझ्यामागं एक बाई मिक्सर घेऊन उभी होती, तिला त्यांनी पुढं बोलावलं. पुढल्या पावसाळ्यानंतर गेलो तर खोपटं बंद होतं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, म्हातारा गेला.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी तुम्ही मला पत्र पाठवलंत, पेठेतल्या एखाद्या आठवणीतल्या माणसावर चार शब्द लिहा म्हणून. तुम्हाला बहुधा जुन्या वस्तादांवर लेख हवा असणार. मी यांच्यावर लिहिला. भवानी हे नाव मी ठेवलं होतं, काकांनी नाही. ते तर बदल म्हणून सांगत होते. तेव्हाच्या त्या अध्यक्षांना संपादक मंडळात घेतलंय असं कळलं, म्हणजे लेख आधी त्यांच्याच हातात पडेल. छापायचा तर छापा, नाहीतर परत पाठवा. वाचून तर झालाच आहे.