न नेलेली पार्सलं

बटणवाल्या ताईंचं दुकान बसथांब्याच्या वाटेवर होतं, आणि तेवढ्यासाठीच फोनवरून माल विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस त्यांच्याकडे आला. दुकान मूळचं वडिलांचं. सुया, दोरे, लेस, आणि काचेच्या बरण्यांतून भरलेली बटणं. गिऱ्हाइकानं शर्टाची बाही नुसती पुढे केली, की ताई काही न विचारता नेमकं तसंच बटण काढून देत. पण हल्ली बाही पुढे करणारंच कुणी उरलं नव्हतं. बटण तुटलं की लोक शर्टच नवा घेत, तोही फोनवरून.

कंपनीचा माणूस मोठा गोडबोल्या. "ताई, लोक दिवसभर कामावर. पार्सल घ्यायला घरी कोण असतं? जाता-येता ओळखीच्या दुकानातून उचलता आलं, की माणूस जास्त मागवतो. आमची जाहिरातच तशी आहे. आणि न्यायला आलेला तुमच्याकडूनही काहीतरी घेईलच की."

कुणी कधी काही घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी. लोक पार्सल उचलायचे, सही ठोकायचे आणि बस गाठायला पळायचे. बरण्या हळूहळू मागच्या फळीवर गेल्या, पुढे खोक्यांची थप्पी लागली. तरी दर खोक्यामागे कंपनी जे देई, त्यात जागेचं भाडं सुटत होतं आणि दुकान उघडं राहत होतं. ताईंना तेवढंच हवं होतं.

घरी बाबा. चाळीस वर्षं त्या गल्ल्यावर बसलेले. आता गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे दोन जिने उतरणं बंद. वेळ जात नाही म्हणून कुरकुरायचे, तेव्हा ताईंनीच त्यांना फोनवरून वस्तू बघायला, मागवायला शिकवलं. संध्याकाळी ताईंनी घरात पाऊल टाकलं रे टाकलं, की बाबा विचारायचे, "आज किती आली?" एकदा ताई दमून बोलून गेल्या, "कमी येतायत, बाबा. असंच चाललं तर कंपनी गाशा गुंडाळेल, आणि मग आपलं दुकानही गेलंच." बाबा फोन चाळत बसले.

पुढच्या महिन्यापासून पार्सलं वाढली. ताईंच्या जिवात जीव आला. एकच कटकट होती, वाढलेल्यातली बरीचशी न्यायला कुणी येईना. कंगवे, मोजे, साबणदाण्या. सात दिवस वाट बघायची आणि परत पाठवायची. पैसे पार्सल नेताना द्यायचे, त्यामुळे मागवणाऱ्याचं काहीच जात नव्हतं. "कसली रिकामटेकडी माणसं," ताई चरफडायच्या.

मग कंपनीचं पत्र आलं. दर तीन पार्सलांतलं एक पडून राहतं, म्हणजे ग्राहकांना ही जागा सोयीची नाही. सोमवारपासून इथलं काम बंद. ताईंनी फोनवर फोन केले. गोडबोल्या आता फोन उचलत नव्हता.

पत्र पिशवीत कोंबून ताई घरी आल्या. बाबांना कसं सांगावं, हेच वाटभर डोक्यात घोळत होतं. बाबा हात धुवायला गेले होते आणि टेबलावर त्यांचा फोन वाजला. 'तुमचं पार्सल तुमच्या जवळच्या दुकानात आलं आहे.' ताईंनी बोटानं वर सरकवलं. आधीचा निरोपही तोच, त्याच्या आधीचाही. कंगवा. मोजे. साबणदाणी.

"बाबा, हे काय?"

"सापडलो का?" बाबा हसले. "अगं, घ्यायला जायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, आणि तुझा आकडा वाढतो. नावं आपल्या जुन्या गिऱ्हाइकांची घातली, तुला संशय नको म्हणून. घरी बसून मला तेवढं तरी करता येतं, पोरी."

कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा एवढा खुलला नव्हता. बाबांचा राग करावा, तर त्यांच्या लबाडीत ताईंवरच्या मायेपलीकडे काही नव्हतं. आणि सोमवारी हेच बाबा मागवायला बसले, तर फोनवरच्या यादीत आपलं दुकान दिसणार नव्हतं, आणि सगळं त्यांना कळणार होतं.

"आता बस करा, बाबा," त्या म्हणाल्या. "इतकी पार्सलं येतायत, मला एकटीला झेपत नाहीत. ठेवायला जागा नाही."

"खरंच?"

"खरंच. बघा, मी हे फोनमधून काढूनच टाकते."

"बघ. मी म्हणत होतो ना, दुकान चालतंच," बाबा म्हणाले आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

ताईंनी भांडी घासायला घेतली, नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. भाडंच सुटणार नाही म्हटल्यावर दुकानाला कुलूप लागणार होतं; सोमवारी नेहमीच्या वेळी घरातून निघून कुठे जायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बाबा विचारतील, "आज किती आली?" बावीस म्हणायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं.