भागिरथीबाईचं काजळवन

भिंगारच्या बाजारात फौजी वर्द्या शिवून देणारं एक दुकान आहे. तिथं खिडकीजवळच्या मशीनवर भागिरथी बसायची. पन्नाशी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं कमी. ही बाई जपानी कार्टूनपायी वेडी आहे, असं तिच्याकडं बघून कुणाला वाटलं नसतं. कार्टून म्हटलेलं तिला खपायचं नाही. ती म्हणायची, "कार्टून लेकरांचं असतं. ह्यात मानसं मरत्यात."

हे वेड तिला मुलीनं लावलं होतं. नवरा लवकर गेला. रश्मीला तिनं शिलाईवर वाढवलं, रक्ततपासणीचा कोर्स करायला लावला. त्या दिवसांत रश्मी रोज संध्याकाळी मोबाईल पुढं घेऊन बसायची. पोरगी कुठल्या नादाला लागलीय ते बघावं, म्हणून भागिरथी एकदा काज-बटनाचं काम घेऊन शेजारी टेकली, ती उठलीच नाही.

हिंदीतून डब केलेली ती मालिका. नगरची पोरं तिला 'काजळवन' म्हणायची. डोंगराखाली एक गाव, गावाभोवती तट आणि तटापलीकडं काजळासारखं काळं रान. दिवस मावळला की रानातून धुकं सरकत यायचं. ज्याला शिवेल त्याला शिंगं फुटायची, त्याचं माणूसपण जायचं. भागिरथीला यात परकं काही वाटलं नाही. तिच्या माहेरी जामखेडकडं तिन्हीसांजेला पोरींना विहिरीकडं फिरकू देत नसत, आणि का देत नाहीत ते कुणी सांगतही नसे.

गावाचं फाटक राखणारी हिसाने आणि तिची मुलगी मिचिरु यांच्यावर या मायलेकींचा जीव जडला. मालिकेनंतर सिनेमा आला, तो दोघींनी एकाच उशीला टेकून बघितला. सिनेमाच्या शेवटी मिचिरु रानातून फाटकाकडं पळत येते. मागं धुकं, आत सगळा गाव. हिसाने मुलीकडं बघते आणि फाटकाला अडसर घालते. सिनेमा तिथंच संपला.

रश्मी ताडकन उठून बसली. "आई असून?"

"आत बाकीची लेकरं हुती ना," भागिरथी म्हणाली.

त्यावरून दोघी जेवायला बसेपर्यंत भांडल्या.

पुढचा भाग यायला काही वर्षं लागणार होती. तेवढ्यात रश्मीचं लग्न झालं. स्थळ जामखेडचं, भागिरथीच्या भावानंच आणलेलं. जावई रविराज, खतांचं दुकान, बोलायला गोड. लग्नाला वर्ष व्हायच्या आत रश्मी सुजलेला ओठ घेऊन भिंगारला आली. "नव्यानव्यात होतं असं," म्हणून आईनं समजूत घालून परत पाठवली. दुसऱ्यांदा आली तेव्हा उजव्या हातावर, कोपराच्या खाली, भाजल्याचा तिकोनी डाग होता. सारा जन्म इस्त्री धरलेल्या बाईला तो कशाचा ते विचारावं लागलं नाही. तरी शेजारणीनं विचारल्यावर ती म्हणाली, "कुकरची वाफ लागली." आणि दोन दिवसांनी स्वतः स्टँडवर जाऊन तिनं मुलीला जामखेडच्या गाडीत बसवलं. खिडकीतून रश्मीनं तिच्याकडं बघितलं नाही.

तिसऱ्यांदा रश्मी सासरच्या घरातून निघाली ती भिंगारला आलीच नाही. केडगावात स्नेहल नावाच्या मैत्रिणीच्या खोलीवर राहिली, एका लॅबमध्ये नोकरी धरली आणि नवऱ्यावर केस केली. चौकशीला सरकारी बाई भिंगारला आल्या. भागिरथीनं त्यांना चहा दिला. भाऊ काय म्हणेल, माहेर तुटेल, गल्ली काय म्हणेल, सगळं एकदम डोक्यात गोळा झालं आणि ती बोलून गेली, "वाफेनंच भाजली ती. सासरचं काय वाईट न्हाई." बाईंनी ते लिहून घेतलं.

त्या दिवसापासून रश्मीनं तिचा फोन उचलणं बंद केलं.

मोबाईलवरचा एक ग्रुप मात्र दोघींत तेवढा राहिला होता. नगरमधल्या काजळवनवेड्या पोरांचा. रश्मीनंच कधीकाळी आईला त्यात घातलं होतं. कॉलेजची पोरं, त्यांना काय माहीत की यात एक वर्द्या शिवणारी बाई आहे. मशीन थांबलं की भागिरथी चष्मा पुसून सगळं वाचायची. दुसरा भाग जवळ आला तशी पोरं हिसानेवर तुटून पडली. हिला धुक्यात टाका, हिलाच शिंगं फुटू द्या. एकदा तिनं भीतभीत लिहिलं, "तिची पण बाजू असेल." खाली हसण्याची चित्रं आली. थोड्या वेळानं रश्मीच्या नावानं एक ओळ उमटली: "बाजू असेल तर तिनं तोंडानं सांगावी."

भागिरथीनं फोन पालथा ठेवला. त्या दिवशी एका सुभेदाराच्या शर्टाची बाही उलटी जोडली गेली.

सावेडीच्या थिएटरात एकच खेळ लागणार होता, रविवारी दुपारी. पोरांनी मालकाच्या मागं लागून तो मिळवला होता. रश्मीनं ग्रुपवर लिहिलं, "मी येणार."

शेजारच्या मशीनवर शकिला बसायची. जुनी मैत्रीण. रश्मीला दुसऱ्यांदा परत पाठवली तेव्हा ती भागिरथीशी पंधरवडाभर बोलली नव्हती.

"मी जाऊ का नको?" भागिरथीनं विचारलं.

"पिक्चरला जायचंय की पोरीला बघायला?"

"दोन्ही."

शकिलानं दोरा दातानं तोडला. "मग जा. पण लपून बसू नको. लपायचं काम लई झालं तुझं."

तरी भागिरथी लपूनच बसली. अगदी मागची ओळ, कोपऱ्यातली खुर्ची, डोक्यावरून पदर. पोरं काळे टीशर्ट घालून आली होती. कुणी कागदाची शिंगं लावली होती. दिवे जाता जाता रश्मी आली आणि पुढं चौथ्या-पाचव्या ओळीत बसली. केस कापून खांद्यापर्यंत केलेले. भागिरथीला मुलीचा चेहरा दिसेना, नुसती मान दिसत होती. ती मान वाळली होती.

पडद्यावर काळं रान उगवलं. मिचिरु जिवंत होती. अर्धा चेहरा काजळलेला, कपाळातून एक शिंग निघालेलं, पण दुसरा डोळा माणसाचा. शिंगं फुटून जनावरं झालेली माणसं तिला मारत नव्हती, तिच्या मागून चालत होती. ती गावाकडं निघाली. इकडं गावात हिसाने म्हातारी झाली होती. गावानं एक गोष्ट ठरवून टाकली होती की त्या संध्याकाळी वारं सुटलं आणि फाटक आपोआप लागलं. लहान पोरांना तीच सांगायचे. हिसाने ती ऐकायची आणि मान डोलवायची.

 भागिरथीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. पडद्याकडं बघवेना आणि मुलीच्या मानेकडंही बघवेना. फाटकाबाहेर जनावरं जमली. मिचिरुनं हात उचलला आणि फाटकावर थाप मारली. एक. मग दुसरी. आत हिसानेचा चेहरा आणि तिथंच मध्यंतर झालं.

पोरं ओरडत चहा-पॉपकॉर्नला पळाली. दिवे लागले. रश्मी उठली नाही. भागिरथीही उठली नाही. रिकाम्या खुर्च्यांच्या ओळींमधून आई मुलीच्या डोक्याकडं बघत राहिली. एकदा वाटलं, निघून जावं, बाहेर रिक्षा असेल. पाय हलेनात. एकदा रश्मीनं मान वळवल्यासारखी केली, तशी भागिरथीनं पदर तोंडावर ओढला. 

पुन्हा अंधार झाला. गावचे कारभारी हिसानेला घेरून उभे होते. तिला सांगत होते, वाऱ्यानं लागलं म्हणून सांग, पोरगी ऐकेल, परत जाईल, आपण वाचू. हिसानेनं अडसर काढला. फाटक उघडलं. समोर मुलगी, मागं जनावरं, त्यांच्या तोंडातून वाफ निघतेय. आता ही आईला फाडणार, असं सगळ्या थिएटरनं गृहीत धरलं होतं. 

हिसाने म्हणाली, "वारं नव्हतं. तू मला दिसत होतीस. फाटक मीच लावलं."

भागिरथीच्या घशातून जो आवाज निघाला तो तिच्या ओळखीचा नव्हता. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हुंदका मावेना. पुढची दोन पोरं वळून बघायला लागली. एक म्हणाला, "मावशी, बरं वाटत नाही का?" आणि त्या चौथ्या-पाचव्या ओळीत रश्मीची मान ताठ झाली. ती मात्र वळली नाही.

मिचिरुनं आईला मारलं नाही. जवळही घेतलं नाही. ऐकून घेतलं आणि तिथंच फाटकाबाहेर, आईपासून चार हातांवर, पाठ करून बसली. धुकं मागं सरलं. सिनेमा संपला. पोरं नाराज झाली, "हे काय, काहीच झालं नाही," म्हणत उठली.

रश्मी बाहेर पायऱ्यांवर थांबली होती.

"तूच होतीस ना?"

"व्हय."

"पोरं म्हणत होती, मागं एक बाई लई रडती. मला आवाजावरनंच कळलं." तिचा स्वर कोरडा होता. "कशाला आलीस?"

भागिरथीनं बरंच काही घोकून आणलं होतं. शिळी भाकर खात असशील, घरी ये, असलं काहीतरी. ते सगळं पुसलं गेलं होतं. ती म्हणाली, "तुझा हात इस्तरीनं भाजला हुता. मला बघितल्याबरोबर कळलं हुतं. त्या बाईला मी खोटं सांगितलं."

"मला माहितीय."

"मी कोर्टात सांगते."

रश्मीनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "तिथं पिक्चर नसतो, आई. त्यांचा वकील तुला उभी चिरेल. आधी एक बोललीस, आता एक बोलतेस म्हणेल. मामा तुझं तोंड बघणार नाही."

"न बघू दे."

"भीती वाटत नाही?"

"वाटती," भागिरथी म्हणाली. "आत्तापन वाटती."

 आपल्या वकिलीणबाईंचा नंबर तेवढा रश्मीनं आईच्या फोनवर पाठवला आणि केडगावच्या रिक्षात बसून निघून गेली.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात भाऊ भिंगारला येऊन गेला. त्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी म्हणाला, "माहेरचा रस्ता विसर मग." तो गेल्यावर भागिरथी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून राहिली. तिला जेवण गेलं नाही. सकाळी दुकानात आली ती शकिलाला म्हणाली, "तू माझ्याबरूबर ये. मधीच पळाले तर धर."

शकिला आली.

कोर्टात गर्दी होती, पंखा आवाज करत होता. रविराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता. त्यानं सासूला हात जोडून नमस्कार केला, तशी तिनं मान दुसरीकडं फिरवली. त्याच्या वकिलानं जुनं लिहून घेतलेलं वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"व्हय."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?"

"तवा बोलले."

"का?"

भागिरथीनं मागं बसलेल्या शकिलाकडं बघितलं. न्यायाधीशबाईंनी पाणी द्यायला सांगितलं. तिनं घोट घेतला. "लोक काय म्हनतील म्हनून," ती म्हणाली. "पोरीचं काय हुईल ते मला ठावं हुतं. तरी मी तिला गाडीत बसवलं." वकिलानं आणखी पुष्कळ विचारलं, दरडावलंही. ती घाबरत, अडखळत तेच सांगत राहिली.

पुढं रश्मीच्या बाजूनं हुकूम झाला. नवऱ्यानं वरच्या कोर्टात दाद मागितली, ते अजून चालू आहे. भावाचा फोन आजतागायत आलेला नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी साक्ष देऊन भागिरथी बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा तिचं अंग घामानं भिजलं होतं. शकिला चहा आणायला गेली होती. रश्मी येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघी येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांकडं बघत होत्या.

"रविवारी येऊ का केडगावला?" भागिरथीनं विचारलं.

"रविवारी मला ड्युटी असते."

"बरं."

रश्मीनं पिशवी खांद्याला लावली, उठली, दोन पावलं गेली आणि थांबली. "सोमवारी ये. स्नेहलला सांगून ठेवते. जेवायला नको आणू काही, मी करीन."